उदबत्तीने सीटला पाडलेली भोकं

दसऱ्याला गाडीची पूजा करताना उदबत्तीचं पेटतं टोक तुटून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पडलं. झटकेपर्यंत मसुराएवढी दोन भोकं! आई म्हणाली, "चला, गाडीची दृष्ट निघाली." मी आठवडाभर त्यावर टॉवेल टाकून फिरलो.

सीटचं कापड पॉलिस्टरचं. ते सुतासारखं जळून राख होत नाही, वितळतं आणि कडेला काळी, टणक कडी धरतं. ती न काढता वरून काहीही चिकटवलं तरी बोटाला खुपतंच. नखं कापायच्या वाकड्या कात्रीने ती हळूहळू कुरतडली.

पहिल्या भोकात घाईने झटपट चिकटणारा गोंद घातला. तो दगडासारखा झाला, भोवती पांढरी झाक आली. पुन्हा कापावं लागलं, भोक वाढलं ते वेगळंच.

मग शहाणपण सुचलं. सुती कापडाचा रुपयाएवढा तुकडा चिमट्याने भोकातून आत सरकवला आणि कापड व फोमच्या मध्ये टूथपिकने पसरवला. त्यावर कापडासाठीचा, सुकल्यावर मऊ राहणारा गोंद, थेंबभरच. सीटखाली दुमडलेल्या कापडातून नखाएवढे तुकडे कापून भोकांत बसवले, सांध्यावर तिथलेच खरवडलेले तंतू दाबले. वर बटर पेपर, त्यावर आईचा खलबत्ता, रात्रभर.

एक तर आता शोधावंच लागतं. दुसऱ्याची वीण जरा तिरकी बसली, उन्हात दिसते. आईला अजून सांगितलेलं नाही, खलबत्ता कुठे गेला होता ते.