हिऱ्याच्या बिटने टाइलला भोक पाडताना

हिऱ्याच्या बिटला, म्हणजे ड्रिलच्या तोंडाला लावायच्या, कडेवर हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या नळीला, धार नसते. नव्या बिटच्या कडेवरून बोट फिरवलंत तर सँडपेपरसारखी खरखर लागेल, बस्स. हे कण टाइल कापत नाहीत, घासून घासून झिजवतात. म्हणून इथे जोर लावून काम होत नाही. पाणी आणि सबुरी लागते.

आधी ड्रिलचा हॅमर मोड (फिरता फिरता ठोके देण्याची सोय) बंद करा. ठोक्याने हिऱ्याचे कण निखळतात आणि टाइल तडकते ती वेगळीच. टाइलऐवजी काच असेल तर ती टफन्ड (तापवून मजबूत केलेली) नाही ना, याची खात्री करा. टफन्ड काचेला कोणत्याही बिटने भोक पाडता येत नाही, तिचा चुरा होतो.

खूण केलेल्या जागी मास्किंग टेप लावा. पोकळ बिटला मधे टोक नसल्यामुळे तो सरळ टेकवला की गुळगुळीत टाइलवरून घसरतो. त्यामुळे ड्रिल साधारण 45 अंशांत तिरकं धरून हळू सुरू करा. चंद्रकोरीएवढी खाच पडली की फिरता बिट सावकाश सरळ करत आणा. खरं कसब एवढंच. हात स्थिर नसेल तर प्लायच्या तुकड्याला त्याच मापाचं भोक पाडून तो टाइलवर घट्ट धरा आणि बिट त्यातून चालवा.

6 मिमीचा बिट थोडा वेगात चालतो, 40 मिमीचा मात्र हळूच फिरवायचा. ओल्या स्पंजने पाणी देत राहा आणि दर दहा-पंधरा सेकंदांनी बिट उचला, म्हणजे पाणी तळापर्यंत जाईल. दुधासारखा गढूळ ओघळ आला की समजा, सगळं ठीक चाललंय. कोरडी धूळ उडाली किंवा जळका वास आला तर लगेच थांबा. या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसं कायमची खराब होऊ शकतात, म्हणून मास्क हवाच, गॉगलही. पाण्याचं काम असल्याने बॅटरीवरचं ड्रिल बरं.

आवाज बदलून पोकळ वाटू लागला की भोक आरपार जायच्या बेतात आहे. इथे हात अगदी सैल सोडा. घाईघाईत मी एकदा नेमकं इथेच दाबलं आणि मागच्या बाजूने रुपयाएवढा टवका उडाला. सुट्ट्या टाइलखाली लाकडी फळी ठेवली की हा धोका बराच कमी होतो.

बिट चालेनासा झाला तर तो दरवेळी संपलेलाच असतो असं नाही. कधी कधी कणांभोवतीचा धातू गुळगुळीत होऊन कण झाकले जातात. साध्या विटेत किंवा घासदगडात बिट थोडा फिरवला की नवे कण उघडे पडतात. नुसता वरून मुलामा दिलेला स्वस्त बिट असेल तर हा उपाय नको. मुलामा गेला की तो बिट संपला.

आणि हा बिट लोखंडावर चालवू नका. तापल्यावर हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळतो, आणि सर्वांत कठीण पदार्थ पोलादापुढे भराभर झिजतो.

बिटमध्ये अडकलेली टाइलची चकती बाजूच्या खाचेतून खिळ्याने ढकलून काढा. भोकाची कड बोट कापण्याइतकी तीक्ष्ण असते, ती ओल्या सँडपेपरने मारून घ्या.