सेव्हन-झिप: कशाला वापरायचं, कसं वापरायचं आणि मी कुठे कुठे आपटलो

मी दिवाळी अंकांचं लेआउट करतो, त्यामुळे ऑगस्टपासून घरात फायलींचा नुसता ढीग, स्कॅन केलेली चित्रं, जाहिराती, लेखकांच्या वर्ड फायली, आणि हे सगळं बांधून प्रेसला, संपादकांना, प्रूफवाल्या ताईंना पाठवायचं. बरीच वर्षं यासाठी सेव्हन-झिपच वापरतोय, म्हणजे अनेक फायली दाबून त्यांची एकच फाइल करणारं अॅप. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, इगोर पावलोव या रशियन प्रोग्रामरने १९९९ मध्ये आणलं, आणि ऑफिसात वापरलं तरी पैसे मागत नाही. दिसायला मात्र अजून विंडोज ९८ च्या जमान्यातलंच, त्याकडे दुर्लक्ष करा.

आधी डाउनलोडचं सांगतो कारण बरेच जण तिथेच फसतात. खरी साइट म्हणजे ७ आकडा, मग छोटी आडवी रेघ, मग झिप, आणि शेवटी डॉट ओआरजी. गूगलवर वर दिसेल त्यावर टिचकी मारू नका, सारख्या नावाच्या साइट्स असतात आणि इन्स्टॉलरबरोबर काय काय घरात घेऊन येतात देव जाणे. खरा इन्स्टॉलर अगदी लहान असतो, जेमतेम दोनेक एमबीच्या आत, पैसे किंवा ईमेल मागितला की समजा चुकीच्या दारात उभे आहात.

आता सगळ्यात कॉमन तक्रार, "केलं कॉम्प्रेस, पण साइज कमीच होत नाही". होणार नाहीच ना! जेपेग फोटो, एमपी४ व्हिडिओ, एमपी३, बहुतेक पीडीएफ हे सगळं आधीच दाबलेलं असतं, उसाच्या चिपाडातून परत रस काढायला गेल्यासारखं आहे ते. वर्ड आणि एक्सेलच्या नव्या फायली म्हणजे तर आतून झिपच असतात. कमी काय होतं तर साधा मजकूर, सीएसव्ही, डेटाबेसचा बॅकअप, बीएमपी, आणि न दाबलेल्या टिफ, त्यातही लाइन आर्ट, म्हणजे नुसत्या रेषांचं चित्र असेल तर टिफ अशी चेपते की आधी मला वाटायचं काहीतरी गहाळ झालं. म्हणून मी तर म्हणेन साइज कमी करायला म्हणून हे घेऊच नका, शंभर फायलींचं एक गाठोडं करायचं, त्याचे तुकडे करायचे आणि त्याला कुलूप लावायचं यासाठी घ्या, साइज कमी झाली तर बोनस.

करायचं कसं तर फोल्डरवर राइट क्लिक, सेव्हन-झिप, अॅड टू आर्काइव्ह. विंडोज ११ मध्ये हे लगेच दिसलं नाही तर "शो मोअर ऑप्शन्स" मध्ये जा नाहीतर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, इन्स्टॉल नीट झालेलं असतं, फक्त लपलेलं असतं.

मग जी खिडकी उघडते तिच्यात वीसेक गोष्टी आहेत पण तुमच्या कामाच्या तीन-चारच. पहिली फॉरमॅट. इथे सेव्हन-झेड, म्हणजे या अॅपचा स्वतःचा फॉरमॅट, निवडलेलं असतं, ते जास्त दाबतं हे खरं, पण समोरचा उघडणार कशात ते बघा, जुन्या विंडोजवर काही इन्स्टॉल न करता ते उघडत नाही आणि फोनवर तर बहुतेकदा वेगळं अॅप लागतं. मी एकदा संपादकांना सेव्हन-झेड पाठवलं आणि "अहो तुमची फाइल करप्ट आहे" असे तीन फोन घेतले. तेव्हापासून बाहेर पाठवायचं ते झिप, स्वतःच्या बॅकअपला सेव्हन-झेड. रार हा गाठोड्याचा अजून एक प्रकार, त्या फायली हे उघडतं पण बनवत नाही, शोधत बसू नका. दुसरी गोष्ट लेव्हल, ती नॉर्मलच ठेवा, अल्ट्राला मेमरी खूप लागते, जुन्या पीसीवर पंखा ओरडायला लागतो आणि फरक पडतो किरकोळ.

तुकडे करायचे असतील तर खाली "स्प्लिट टू व्हॉल्यूम्स" आहे. याची गरज मला कशी कळली तर प्रेसच्या पेनड्राइव्हवर १० जीबी जागा मोकळी आणि माझी ६ जीबीची फाइल जातच नव्हती, फाइल टू लार्ज म्हणे. तो पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, जागा कितीही असो. त्या यादीत ४०९२ एम हा आकडा नेमका त्यासाठीच दिलाय, तो निवडा. मेलसाठी यादीतलं काही न घेता हाताने १८ एम टाइप करा, जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी मेलमध्ये जाताना अटॅचमेंट फुगते. उघडणाऱ्याला मात्र नीट सांगा की सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवायचे आणि शेवटी ००१ असलेलाच उघडायचा, बाकीचे आपोआप जोडले जातात, एक जरी राहिला तरी गाडं अडलं.

पासवर्ड उजव्या बाजूला टाकायचा. सेव्हन-झेडमध्ये "एन्क्रिप्ट फाइल नेम्स" ची टिक पण करा, नाहीतर आतलं उघडत नाही पण फायलींची नावं कोणालाही वाचता येतात. झिपमध्ये ती टिक नाहीच आणि तिथे आधीपासून झिपक्रिप्टो हा कच्चा प्रकार निवडलेला असतो, तो बदलून एईएस-२५६ हा पक्का प्रकार घ्या, फक्त मग समोरच्याकडेही सेव्हन-झिप असलेलं बरं. पासवर्ड विसरलात तर रामराम, "फर्गॉट पासवर्ड" वगैरे काही नाही.

उघडताना "एक्स्ट्रॅक्ट हिअर" वर घाईत क्लिक करू नका, मी डेस्कटॉपवर केलं होतं आणि ४०० चित्रं डेस्कटॉपभर सांडली. त्याच्या जवळच फोल्डरच्या नावासकट "एक्स्ट्रॅक्ट टू" आहे ते घ्या. आणि गाठोड्यातल्या गाठोड्यात वर्ड फाइल उघडून दुरुस्त्या करू नका हो, ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडते, वर्ड बंद केल्यावर सेव्हन-झिप विचारतं की बदल आत घालू का, पण त्याआधीच तुम्ही त्याची खिडकी बंद केली तर विचारणारंच कोणी उरत नाही. आमची एक अख्खी प्रूफ अशीच गेली, ताईंनी दोन दिवस फोन उचलला नाही.

मराठी नावांच्या फायलींना मात्र अडचण नाही. जुन्या विंडोजची स्वतःची झिपची सोय "मुखपृष्ठ" असं नाव बघितलं की एररच द्यायची, हे देत नाही. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजमध्ये मराठीसुद्धा आहे, मी लावून बघितली आणि परत इंग्लिश केली, सवय दुसरं काय.

मूळ फोल्डर डिलीट करायच्या आधी राइट क्लिक करून "टेस्ट आर्काइव्ह" चालवा, एखाद मिनिटाचं काम आहे. आणि हे अॅप स्वतःहून अपडेट होत नाही. नेटवरून आलेल्या फायलींबद्दल विंडोज जी सावध करणारी सूचना देतं ती चुकवता येईल असं एक भोक यात सापडलं होतं, ते २४.०९ या व्हर्जनमध्ये बुजवलं. हेल्पमध्ये अबाउट उघडून तुमचा आकडा बघा, त्याहून जुना असेल तर नवीन उतरवून त्यावरच इन्स्टॉल करा, जुनं काढायची गरज नाही.