जर्मनीत नवीन येताय? जॅकेट घेण्याआधी जरा नकाशा बघा

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की नवीन मंडळी यायला लागतात, कोणी मास्टर्सला, कोणी ब्लू कार्डवर (नोकरीच्या परवान्यावर), कोणी लग्न होऊन, आणि प्रश्न ठरलेला, "ताई, जर्मनीत थंडी किती असते हो?" आता याला काय सांगणार. आधी सांगा, जर्मनीत नक्की कुठे? कोलोनला कित्येकदा अख्खा हिवाळा धड बर्फ न पडता जातो आणि त्याच हिवाळ्यात आमच्या म्युनिककडे लोक सकाळी फावडं घेऊन गाडी शोधत असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी म्युनिकची, त्यामुळे दक्षिणेकडचं जरा जास्त येईल, चालवून घ्या.

तर हा देश सुपासारखा आहे, दक्षिणेला उचललेला आणि उत्तरेला समुद्राकडे उतरत गेलेला. आल्प्स जर्मनीच्या वाट्याला फार थोडे आलेत, खाली ऑस्ट्रियाच्या सीमेला एक पट्टी, त्यातलं सगळ्यात उंच शिखर त्सुगश्पिट्झ, 2962 मीटर. मधल्या पट्ट्यात जुने, झिजलेले, जंगलाने भरलेले डोंगर, ब्लॅक फॉरेस्ट, हार्त्स वगैरे. ब्लॅक फॉरेस्टमधलं फेल्डबर्ग 1493 मीटर, हार्त्समधलं ब्रोकेन 1141, म्हणजे आपलं कळसूबाई (1646) दोघांपेक्षा उंच, पण त्या जोरावर स्वेटर घरी ठेवून जाऊ नका. ब्रोकेनवर वर्षातले 300 च्या आसपास दिवस धुकं असतं, आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याला समुद्रापासून तिथपर्यंत अडवणारं काहीच नाही. कारण हार्त्सच्या उत्तरेला सगळं सपाट. हिमयुगात स्कँडिनेव्हियातून आलेल्या हिमनद्यांनी तो भाग रगडून काढलाय आणि जाताना बर्लिनच्या आजूबाजूला आणि मेक्लेनबुर्गमध्ये ढिगाने तळी सोडून गेल्यात.

ऱ्हाइन, वेझर, एल्बे या नद्या उतार धरून उत्तरेला जातात. डॅन्यूबचा हिशेबच वेगळा, ती उगवते ब्लॅक फॉरेस्टमध्ये आणि सरळ पूर्वेची वाट धरून दहा देश फिरून काळ्या समुद्राला मिळते. ऱ्हाइन आणि डॅन्यूबची खोरी जोडायला 171 किलोमीटरचा कालवा खोदलाय, 1992 ला पूर्ण झाला, न्यूर्नबर्गला नोकरी लागली तर त्याच्या काठाने सायकल चालवायला मस्त जागा आहे, चढ जवळजवळ नाहीच.

आता हवामान. पश्चिमेकडून अटलांटिकची दमट हवा येते, तिचा जोर पूर्वेकडे कमी होत जातो, त्यामुळे हॅम्बुर्ग, ब्रेमेन, कोलोनला थंडी सौम्य पण दिवस ढगाळ आणि चिकट ओले, आणि लाइपझिग, ड्रेस्डेन, बर्लिनकडे उन्हाळा-हिवाळा दोन्ही जरा टोकाचे. रशियाकडून वारा सुटला की बर्लिनचे -10 म्हणजे काय ते कळतं. म्युनिकची उंची साधारण 520 मीटर, पुण्यापेक्षा थोडी कमीच, पण आपण 48 अक्षांशावर आहोत हे विसरू नका. आणि थंडीपेक्षा अंधार जास्त त्रास देतो, हे कोणी आधी सांगत नाही. डिसेंबरच्या शेवटी म्युनिकला दिवस सव्वाआठ तासांचा, हॅम्बुर्गला साडेसात. ऑफिसला जाताना काळोख, येताना काळोख. दुपारी जेवण झालं की वीस मिनिटं का होईना बाहेर पडा, ढग असले तरी, आणि डॉक्टरकडे गेलात की व्हिटॅमिन डीचं विचारून घ्या.

पावसाचं गणित आपल्याला उलटं वाटतं. हॅम्बुर्गला वर्षभरात पाऊस पडतो जवळपास पुण्याएवढाच, बर्लिनला तर त्याहून कमी, पण पुण्याचा चार महिन्यांत उरकतो आणि इथला वर्षभर थेंब थेंब चालू. त्यात उत्तरेला वारा असला की छत्री दोन मिनिटांत उलटी, टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट घ्या आणि छत्रीचा नाद सोडा. सगळ्यात सुखी लोक ऱ्हाइनच्या वरच्या खोऱ्यातले, फ्रायबुर्ग ते मानहाइम, दोन्हीकडे डोंगर आणि मध्ये खचलेली जमीन, नैऋत्येच्या फटीतून भूमध्य समुद्राकडची उबदार हवा आत येते, म्हणून तिथे द्राक्षाचे मळे आणि वसंत ऋतू आमच्याआधी. उन्हाळ्यात मात्र तेच खोरं तापतं आणि एसी बहुतेक घरांत नसतो. त्या खोऱ्याबाहेरही, 25 जुलै 2019 ला ड्युइसबुर्गजवळ 41.2 डिग्री झालं होतं, तेव्हा नागपूरकरांनीही हसू नये. सकाळी खिडकीची रोलाडेन (बाहेरचं शटर) पूर्ण खाली, रात्री सगळं उघडं, आणि टेबल फॅन मे महिन्यातच घेऊन ठेवा, जुलैत दुकानात मिळत नाही.

म्युनिककरांसाठी एक वेगळी गंमत, फ्योन. आल्प्स ओलांडून हवा खाली उतरते, उतरताना तापते आणि कोरडी होते, मग ऐन जानेवारीत अचानक 15 डिग्री, आकाश काचेसारखं, आणि डोंगर इतके जवळ दिसतात की वाटतं चालत जाऊन येऊ. त्या दिवशी ऑफिसमधले अर्धे लोक डोकं दुखतंय म्हणतात. खरं किती आणि सवयीचं किती देव जाणे, पण हिवाळी कपडे माळ्यावर टाकू नका, दोन दिवसांत परत बर्फ.

घराबद्दल हे नीट वाचा कारण यात डिपॉझिट जातं. इथल्या नव्या खिडक्या हवाबंद असतात. आपण कुकरच्या शिट्ट्या काढतो, वरण उकळतो, कपडे आतच वाळत घालतो, ती सगळी वाफ बाहेरच्या गार भिंतीवर, विशेषतः कपाटामागच्या कोपऱ्यात, जाऊन बसते आणि फेब्रुवारीत तिथे काळी बुरशी. घरमालक म्हणणार तुम्ही खिडकी उघडली नाहीत. खिडकी वरून जराशी तिरकी करून दिवसभर ठेवण्यात अर्थ नाही, त्याने भिंत गार होते फक्त. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, समोरासमोरच्या खिडक्या असतील तर उत्तम, तेवढा वेळ हीटर बंद. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. दहा-पंधरा युरोचं आर्द्रता मोजायचं यंत्र मिळतं ते घ्या, काटा 60 टक्क्यांच्या वर सतत राहिला तर सावध व्हा. आणि करारात बर्फ काढायचं काम भाडेकरूवर टाकलंय का बघा, टाकलं असेल तर साधारण सकाळी सातपर्यंत घरासमोरचा फुटपाथ मोकळा हवा, कोणी घसरून पडलं तर निस्तरावं तुम्हालाच लागतं.

नदीकाठी फ्लॅट मिळतोय म्हणून हरखून जाऊ नका, आधी पुराचे नकाशे बघा, प्रत्येक राज्याचे ऑनलाइन असतात. ड्रेस्डेनला 2002 ला, पासाउला 2013 ला काय झालं ते शोधा, पासाउत तीन नद्या एकत्र येतात आणि त्या जूनमध्ये पाणी 12.89 मीटरवर गेलं होतं. पण मोठीच नदी लागते असं नाही, जुलै 2021 मध्ये आर नावाच्या एका छोट्या नदीने एका रात्रीत 130 हून जास्त माणसं नेली. साध्या हाउसराट पॉलिसीत (घरातल्या सामानाच्या विम्यात) पूर बसत नाही, एलेमेंटारशाडेन (नैसर्गिक आपत्तीचं नुकसान) वेगळं जोडून घ्यावं लागतं, तळघरात सामान ठेवणार असाल तर जास्तच. फोनवर निना (सरकारी धोक्याच्या सूचनांचं) आणि हवामान खात्याचं वार्नवेटर, दोन्ही अ‍ॅप टाका. हॅम्बुर्गवाल्यांसाठी खास, समुद्र शंभर किलोमीटर लांब असला तरी एल्बेला तिथे भरती-ओहोटी आहे, वादळी भरतीची सूचना आली की नदीकाठच्या फिशमार्क्टला गाडी लावू नका, दर हिवाळ्यात कोणाची तरी बुडतेच.

आता ट्रेकर मंडळी. सह्याद्रीत आपण पावसात उत्साहाने चढतो, इथे ते पूर्ण डोक्यातून काढा. ओला चुनखडीचा दगड भयंकर निसरडा असतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट ठरलेला, म्हणून पहाटे निघा, दोनपर्यंत परतीला लागा. पाटीवर निळा म्हणजे सोपा, लाल मध्यम, काळा म्हणजे हात वापरायचे आणि चक्कर येत असेल तर जाऊच नये. खाली म्युनिकला लोक आइस्क्रीम खात असतात तेव्हा वर सावलीच्या घळीत जूनपर्यंत कडक बर्फ असतो, तिथे रनिंग शूज घालून जाणारे दर वर्षी दिसतात आणि त्यात आपले बरेच असतात, सांगायला वाईट वाटतं. अडचण आली तर 112. आल्पेनफेरआइनचं (गिर्यारोहकांच्या संस्थेचं) सभासदत्व घेतलं तर बचावाच्या खर्चाचा विमा त्यातच येतो, तेवढ्यासाठी तरी घ्या. गार्मिश, बेर्श्टेसगाडेन ही डोंगराखालची दोन्ही गावं डॉइचलँडटिकेटवर (देशभर लोकल गाड्यांना चालणाऱ्या महिन्याच्या पासवर) करता येतात.

पाणी हा तर खरा काळजीचा विषय. इझार नदी उन्हाळ्यात इतकी हिरवी सुंदर दिसते, पण येते डोंगरातून, ऑगस्टमध्येही गार, आणि वर पाऊस झाला की तासाभरात गढूळ होऊन चढते. बंधाऱ्याच्या खाली पाणी जागच्या जागी गोल फिरतं, दिसायला गुडघाभर फेस, पण आत गेलेला चांगला पोहणाराही बाहेर येत नाही. ऱ्हाइनमध्ये तर पोहूच नका, मालवाहू जहाजं पाणी ओढून घेतात. पोहायचंय तर तळ्यावर, जिथे जीवरक्षक बसतात तिथे. आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर चार पोरं खेळतायत म्हणून आपण जायचं नाही, नगरपालिका परवानगी जाहीर करते तेव्हाच.

बायर्न (म्हणजे आमचं बव्हेरिया) आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये राहणार असाल तर गवतातल्या गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराची लस घ्या, जोखमीच्या भागात सरकारी विमा तिचे पैसे देतो, तीन डोस असतात, पहिले दोन वसंत ऋतूच्या आधी झालेले बरे.

बाल्कनीवाल्यांनो, एप्रिलमध्ये ऊन पडलं की हुरळून मिरचीची आणि टोमॅटोची रोपं बाहेर काढू नका. इथे 11 ते 15 मे या दिवसांना पाच संतांची नावं आहेत, शेवटची 'गार सोफी', आणि शेजारची प्रत्येक आजी तिच्यासाठी थांबते, कारण तोवर रात्रीचं दहिवर गोठू शकतं. तुळस आणि कढीपत्ता तर त्याच्याही आठवडाभर नंतर बाहेर, आणि सप्टेंबरच्या शेवटी रात्र दहा डिग्रीच्या खाली गेली की लगेच आत, खिडकीजवळ पण हीटरच्या डोक्यावर नाही, पाणी कमी.