येऊर चढायला जुनी एमटीबी (माउंटन बाइक) घेताय? या चुका टाळा

"दादा, २१ गिअर आहेत. कुठलाही डोंगर चढेल ही."

नेरुळच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॉलेजातल्या एका पोराने मला हे सांगितलं आणि मी मान डोलावली. सायकल काळी कुळकुळीत, धुऊनपुसून ठेवलेली, पुढे सस्पेन्शन नाही, म्हणजे मला हवी तशीच. घासाघीस करून ४,५०० ला सौदा पटला. पुढच्या रविवारी सकाळी ठाण्याच्या येऊर डोंगराकडे निघालो, उपवन तलाव मागे टाकला, वनखात्याचा नाका ओलांडला आणि तिसऱ्या वळणावर उतरून सायकल ढकलू लागलो. वरून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "पंक्चर झाली का रे?" मी "हो" म्हणालो. पंक्चर कसली!

घरी येऊन दात मोजले. पुढच्या सर्वांत लहान चकतीला २८ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीलाही २८. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरमध्येसुद्धा पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा पूर्ण एक फेरा. २६ इंची चाकाचा एक फेरा साधारण २ मीटरचा. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर ताशी सातच्या वर वेग टिकवायला हवा, आणि आमच्यासारख्या खुर्चीत बसून पगार घेणाऱ्यांना येऊरच्या चढावर तो टिकत नाही. मग फेरे मंदावतात आणि सगळा जोर गुडघ्यांवर येतो.

"किती गिअर?" हा प्रश्नच चुकीचा

२१ गिअर म्हणजे पुढे ३ चकत्या, मागे ७, त्यांचा गुणाकार. त्यातले निम्मे गिअर एकमेकांच्या इतके जवळ असतात की पायाला फरकही कळत नाही. चढणाऱ्याला एकच गिअर बघायचा असतो, तो म्हणजे सर्वांत हलका. पुढची लहान चकती जितकी लहान आणि मागची मोठी चकती जितकी मोठी, तितका तो हलका. पुढे ४८-३८-२८ दात असतील तर ती सपाट रस्त्याची सायकल समजा, पाम बीच रोडवर मजेत चालेल. ४२-३४-२४ असेल तर डोंगराची. मागे १४-२८ असेल तर ठीक, १४-३४ असेल तर उत्तम. २४ आणि ३४ ची जोडी मिळाली तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटरहूनही कमी सरकते. वेग चालण्याइतकाच, पण बसल्या बसल्या.

चकतीवर आकडा बहुतेक वेळा कोरलेला असतो. नसेल तर एका दातावर खडूने खूण करून मोजा. विकणारा हसेल, हसू द्या. फोनवरच "पुढच्या लहान आणि मागच्या मोठ्या चकतीचा फोटो पाठवा" म्हटलं तर नेरुळची चक्करही वाचते.

नंतर मी मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून १४-३४ लावलं. हे काम सोपं आणि स्वस्त, पण एक अट आहे. मागचा गिअर बदलणारा जो लोंबता भाग असतो, त्या डिरेल्यूरला ३४ दात झेपले पाहिजेत. आखूड दांडीचा जुना डिरेल्यूर असेल तर तो चकतीवर घासतो. मला तोही बदलावा लागला, चेनही लांब घ्यावी लागली. ४,५०० ची सायकल ७,००० ला पडली.

"पुढचा गिअर लागत नाही, केबल टाकली की होईल"

हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. पुढची लहान चकतीच आपल्या कामाची, आणि नेमकी तीच लागत नसते, कारण आधीच्या मालकाने ती कधी वापरलेलीच नसते. कधी खरंच केबल गंजलेली असते. कधी डिरेल्यूरचा स्क्रू जास्त आवळलेला असतो, अर्ध्या फेऱ्यात सुटतो. हँडलवर गिअर बदलायचं बटण असतं तो शिफ्टर. जुन्या शिफ्टरमध्ये बऱ्याचदा आतलं ग्रीस वाळून गोंद झालेलं असतं. बटण दाबलं तरी खटका पकडत नाही. त्यात केरोसीन किंवा डब्ल्यूडी-४० मारून पन्नासेक वेळा दाबलं तर बरेच शिफ्टर परत जिवंत होतात. खटका मोडला असेल तर मात्र नवा शिफ्टर घ्यावा लागतो. तेवढे पैसे किमतीतून आधीच वजा करा.

२६ म्हणजे चाक, सायकलचं माप नव्हे

जाहिरातीत लिहिलेलं "२६ इंच" हे चाकाचं माप. तुमच्या उंचीचा संबंध फ्रेमच्या मापाशी असतो, आणि ते सीटखालच्या उभ्या नळीवरून ठरतं. साडेपाच फूट उंचीला साधारण १६-१७ इंच. आडवी दांडी दोन पायांत घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहा. दांडीच्या वर दोन-तीन इंच मोकळे हवेत. सीट उंच करून लहान फ्रेम चालवून घेता येते, मोठी फ्रेम लहान करता येत नाही.

टायर घेतानाही हीच गफलत होते. जुन्या साध्या सायकलचं २६ आणि एमटीबीचं २६ वेगवेगळं. २६ x १ ३/८ चा टायर एमटीबीच्या रिमवर बसत नाही. दुकानात जुन्या टायरवरचा आकडा पूर्ण वाचून दाखवा. नुसतं "२६ चा द्या" म्हणू नका.

चिमट्याकडे बाजूने बघा

या बाबतीत मी पक्षपाती आहे. स्वस्त सायकलींतलं स्प्रिंगचं सस्पेन्शन अडीच किलोच्या आसपास भरतं आणि उभं राहून पेडल मारलं की खालीवर डुलत तुमचीच ताकद खातं. साधा लोखंडी चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, एक-सव्वा किलोचा. १९८१ साली आलेल्या स्पेशलाइज्डच्या स्टंपजंपरलाही सस्पेन्शन नव्हतं, आणि लोक तिच्यावर डोंगर चढतच होते. तेव्हा सस्पेन्शन नसलेली एमटीबी शोधताय, तर योग्यच करताय.

पण बाजारात एक वेगळंच प्रकरण फिरतं. मूळ सायकल सस्पेन्शनची असते, ते बसलं म्हणून कोणीतरी काढून जुन्या रेंजरचा आखूड चिमटा लावतं. सस्पेन्शनचा चिमटा चाकाच्या अक्षापासून वर दोन पाय जुळतात त्या मुकुटापर्यंत ४५०-४७० मिलिमीटर, जुना साधा ४०० च्या आत-बाहेर. पुढची बाजू सहा-सात सेंटिमीटर खाली येते, हँडल चंचल होतं, वळणावर पेडल जमिनीला लागतं. उतारावर अशी सायकल हातात राहत नाही. थोडं लांब उभं राहून बाजूने बघा. आडवी दांडी पुढे खाली झुकलेली दिसली, सायकल नाकावर पडल्यासारखी वाटली, तर नमस्कार करून निघा.

जवळून बघायची जागा वेगळी. हँडलखालच्या आखूड नळीला खालची तिरकी नळी जिथे जोडलेली असते, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. सायकल समोरून कशावर तरी आदळली असेल तर पहिली खूण इथे उमटते. रंगाला बारीक सुरकुत्या, जणू नखाने दाबलेली साय. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. मोबाइलचा टॉर्च तिरका धरलात की सावली पडून दिसतेही. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर सरळ नकार द्या. लोखंडाची असली तरी मी घेणार नाही, दुसऱ्याचं दुसरा जाणे.

सीट पोस्ट समोर काढायला लावा

हा ठाणे-नवी मुंबईचा खास आजार. खाडीची खारी हवा, चार महिने पाऊस, आणि लोखंडी नळीत वर्षानुवर्षं न हललेली ॲल्युमिनियमची सीट पोस्ट. दोन धातू आतल्या आत एकमेकांना धरून बसतात. नट सैल करा, सीट हलत नाही. सीट चुकीच्या उंचीवर अडकली तर गुडघे संपले. वर्तकनगरच्या माझ्या मेकॅनिकने अशी एक पोस्ट आठ दिवस तेल पाजूनही निघेना तेव्हा करवतीने कापली होती. म्हणून पैसे देण्याआधी, "जरा सीट पूर्ण बाहेर काढ ना," एवढंच म्हणायचं. निघाली की सायकल उलटी करा. नळीतून गंजाचा भुगा किंवा पाणी पडलं तर विचार करा.

चाचणी सपाटीवर घेऊ नका

विकणारा म्हणतो, "एक राउंड मारून बघा," आणि आपण कंपाउंडमध्ये गोल फिरून येतो. त्याने काहीच कळत नाही. सोसायटीला पोडियम पार्किंग असेल तर त्याचा रॅम्प वापरा. वॉचमनला आधी विचारा. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका आणि मध्यावर पेडलवर उभं राहून जोर द्या. "खट्" करून चेन उडाली तर फ्रीव्हीलचे दात झिजलेत. ताजी चकचकीत चेन आणि जुनं फ्रीव्हील ही जोडी तर हमखास उडते. "कालच ओव्हरऑइलिंग केलंय" म्हणणाऱ्यांकडे ती बऱ्याचदा सापडते.

चेन मोजायला स्टीलची पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, १२ इंचावर बरोबर पिन यायला हवी. १/१६ इंच पुढे गेली तर चेन बदला, १/८ गेली तर बहुधा फ्रीव्हीलही.

मग डाव्या क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांडीला, आडवं हलवून बघा. प्ले (ढिलेपणा) असेल आणि विकणारा "नट आवळला की जातो" म्हणाला, तर किती वेळा आवळलाय ते विचारा. सैल क्रँक चालवत राहिलं की आतलं चौकोनी भोक गोल होतं, मग कितीही आवळा. मागचं चाक काढून अक्ष बोटांनी फिरवा; टोक गोल भोवरा काढत असेल तर अक्ष वाकलाय. चाकाचा थोडा आउट (डगमग) मात्र चालेल, तो कोणीही काढून देतो.

बिल मागा. नसेल तर पेडलखाली फ्रेमवर कोरलेला नंबर खरवडलेला नाही ना ते बघा. "मी लष्करात आहे, बदली झालीय, आधी टोकन पाठवा" म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवून द्या.

घेतल्यावर चढावर कुरकुर करते?

उभं राहून पेडल मारा. आवाज थांबला तर सीट किंवा पोस्टचा. चालूच राहिला तर आधी पेडल काढून आट्यांना ग्रीस लावा, मग क्रँकचा नट बघा; बीबीला (क्रँकच्या मधल्या अक्षाच्या बेअरिंगला) सगळ्यात शेवटी हात घाला. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरून जोर लावला की ते आणखी आवळतं. खड्या चढावर पुढचं चाक उचलत असेल तर सीट एखादा सेंटिमीटर पुढे सरकवा आणि कोपर खाली घ्या.

आणि उतार

चढायची सायकल घेताना सगळे ब्रेक विसरतात. जो वर जातो तो तेवढाच खाली येतो, आणि येऊरला जायचा मोह सर्वांत जास्त पावसाळ्यातच होतो. रिमला चुंबक लावून बघा. चिकटला तर ती लोखंडी क्रोमची रिम. कोरडी असताना ठीक, भिजली की रबर तिच्यावरून साबणासारखं घसरतं. अशी सायकल घेतलीच तर चाकं ॲल्युमिनियमची करून घ्या, निदान पुढचं तरी. ॲल्युमिनियमच्या रिमवर ब्रेक घासतो त्या कडेला पट्टी उभी धरा. मध्ये खळगा पडून पट्टीखालून उजेड दिसला तर रिम झिजलीय. त्या रिमवर टायरमध्ये ६० पीएसआय हवा भरून मी स्वतः तरी उतरणार नाही.