एजंट व्हायचंय? आधी इंडेक्स टू वाचायला शिका

मी पुण्यात घरांचा एजंट आहे. कॉलेजं संपली की माझ्याकडे तरुण मुलंमुली विचारपूस करायला येतात. कोणी ओळखीच्यांचा भाचा असतो, कोणाची आयटीतली नोकरी नुकतीच गेलेली असते, कोणी नवऱ्याची बदली झाली म्हणून पुण्यात आलेली असते. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, "दादा, या लाइनमध्ये पैसा आहे म्हणतात. सुरुवात कशी करायची?"

पैसा आहे. पण नुसतं घर दाखवण्याचा पैसा आता कोणी देत नाही. फोटो, मजला, मालकाची अपेक्षा हे सगळं गिऱ्हाइकाने आदल्या रात्रीच मोबाइलवर पाहिलेलं असतं. आपल्याला मोबदला मिळतो, कारण दोन गोष्टी आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतात: कागद आणि परिसर. ज्याला हे दोन्ही शिकायचा कंटाळा आहे, त्याने या धंद्यात येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

परवान्याचं आधी सांगून टाकतो. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकायला मदत करायची तर एजंटचीही नोंदणी लागते. 2016 च्या रेरा कायद्यातच ते लिहिलेलं आहे. नोंदणीशिवाय काम केलं तर दिवसाला 10,000 रुपये दंड होतो आणि तो घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत चढू शकतो. 2023 पासून महाराष्ट्रात प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. जुन्या सोसायटीतला रिसेल किंवा भाड्याचा व्यवहार या अटीत बसत नाही, म्हणून बरेच जण टाळाटाळ करतात. मी म्हणतो, परीक्षा द्याच. त्या निमित्ताने कायदा एकदा सलग वाचून होतो. करार नोंदवण्याआधी बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरवर आहे, या गोष्टी एजंटच्या तोंडावर असायला हव्यात.

सुरुवात भाड्यापासून करा. यावर माझं आणि माझ्या बरोबरीच्या अनेकांचं एकमत नाही. ते म्हणतात, भाड्यात दमणूक फार आणि हातात येतं एखाद्या महिन्याचं भाडं. खरं आहे. पण विक्रीचा एक व्यवहार जमायला महिने जातात आणि भाड्याचा आठवड्यात होतो. नव्या माणसाला माणसं हाताळायचा सराव हवा असतो, तो इथे मिळतो. मालक काय लपवतो, भाडेकरू कशाला घाबरतो, सोसायटीचे सेक्रेटरी कुठे अडवतात, हे सगळं कळतं. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा, करार नोंदवायला शिका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवला नसेल तर वादाच्या वेळी अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे एका वाक्यात समजावून सांगता आलं की मालक तुमचा फोन नंबर जपून ठेवतो, आणि पुढे फ्लॅट विकायचा झाला की तुम्हालाच फोन करतो. माझे रिसेलचे बरेचसे व्यवहार असेच भाड्याच्या ओळखीतून आले.

आता इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकून त्या मिळकतीचे नोंदलेले दस्त पाहता येतात. इंडेक्स टू मराठीतच असतो. वर विलेखाचा प्रकार, मग मोबदला, मग बाजारभाव, मग भू-मापन क्रमांक आणि घराचा तपशील, क्षेत्रफळ, करून देणाऱ्याचं आणि करून घेणाऱ्याचं नाव, दस्ताची तारीख, मुद्रांक शुल्क. यातला 'मोबदला' म्हणजे प्रत्यक्षात ठरलेली किंमत आणि 'बाजारभाव' म्हणजे रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्याने, निघालेली. सोसायटीत कट्ट्यावर बसलेले काका सांगतात, "आमच्याकडे एक कोटीच्या खाली काही जात नाही." तुम्ही त्याच इमारतीतले गेल्या वर्षभरातले दस्त पाहिलेले असतील तर बोलणी हवेत होत नाहीत. मी नव्या मुलाला पहिलं काम देतो ते हेच. एक रस्ता घ्यायचा, त्यावरच्या इमारती घ्यायच्या आणि प्रत्येकीत शेवटचे व्यवहार कितीला झाले ते वहीत उतरवायचं.

क्षेत्रफळाचा रकाना तर जपून वाचावा. समजा त्यात 62 चौरस मीटर कार्पेट लिहिलं आहे. 10.764 ने गुणलं की 667 चौरस फूट होतात. विकणारा मात्र 900 सांगत असतो, कारण त्याच्या डोक्यात जिना, लिफ्ट, लॉबी सगळं धरून केलेला सेलेबल आकडा असतो. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही. गिऱ्हाइकासमोर टेप लावून हॉल मोजा, बेडरूम मोजा, आणि भाव कार्पेटवर काढून दाखवा. 80 लाखांचा फ्लॅट 900 ने भागला तर सुमारे 8,900 रुपये फूट वाटतो, 667 ने भागला तर जवळजवळ 12,000. दोन घरांची तुलना करायची तर कार्पेटवर काढलेलाच भाव धरायचा.

कागदांचा विषय निघालाच आहे तर कोथरूडच्या एका घराचं सांगतो. ऐंशीच्या दशकातली इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. वडील वारलेले, नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव सोसायटीच्या दप्तरी लागलेलं. घेणारं जोडपं विसाराचा चेक लिहून तयार. मी विचारलं, "काका, बहिणी किती तुम्हाला?" ते म्हणाले, "दोघी. पण त्यांचं काही म्हणणं नाही, आणि शेअर सर्टिफिकेट माझ्याच नावावर आहे." मी चेक थांबवायला सांगितला. नॉमिनी म्हणून नाव लागलं तरी घर वारसांचंच राहतं, आणि बहिणींच्या सहीशिवाय घेणाऱ्याचं कर्ज अडकणार हे उघड होतं. काका नाराज झाले, घेणारेही अस्वस्थ झाले. सांगलीची बहीण सहीला यायला लगेच तयार झाली. धाकटी कॅनडात. तिच्याशी फोन जोडून दिला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दादा, मला हिस्सा नकोय रे. पण आधी विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं." मग तिने तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मुखत्यारपत्र पाठवलं. परदेशातून आलेलं मुखत्यारपत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेही करून घेतलं. व्यवहार लांबला, पण झाला, आणि भावाबहिणींत कोर्टकचेरी झाली नाही. बँकेच्या वकिलाने नंतर नेमका हाच कागद पहिल्यांदा मागितला.

अशा घरात एजंटला दलाल म्हणून दारातच उभं केलं जातं आणि शेवटी चहाला आत बोलावलं जातं. मला या कामाची गोडी लागली ती यामुळे.

बाजाराबद्दल मला सतत विचारतात, "भाव वाढतील का?" मी आधी हिशोब मांडतो. पुणे महापालिकेच्या हद्दीत 80 लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 5 लाख 60 हजार, नोंदणी फी 30 हजार, जीएसटी 5 टक्के म्हणजे 4 लाख. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांकात एक टक्का सूट. भोगवटापत्र, म्हणजे इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला, मिळालेल्या घराला जीएसटी नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी जवळजवळ 10 लाख वर गेले, भाव 12 टक्क्यांहून जास्त वाढेपर्यंत हातात काही उरत नाही. किमतीच्या 80 टक्के म्हणजे 64 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 55,500. तोच फ्लॅट भाड्याने 24,000 ला जात असेल तर वर्षाचं उत्पन्न किमतीच्या 3.6 टक्के, आणि त्यातूनच मेंटेनन्स आणि मिळकतकर जायचा. राहायला घर हवं, सात-आठ वर्षं हलायचं नाही, हप्ता पगारात बसतो, तर घ्या. दोन वर्षांत विकून नफा कमवायचा असेल तर मी आजच्या भावात तसा सल्ला देत नाही. काही गिऱ्हाइकं हे ऐकून दुसऱ्याकडे जातात. जाऊ द्यावीत.

हिंजवडी, पुनावळे, वाघोली अशा भागांत एकाच टॉवरमधले डझनभर सारखेच फ्लॅट एका वेळी विकायला निघालेले असतात, आणि शेजारीच बिल्डरचा नवा टप्पा चालू असतो. तिथे रिसेलवाल्याला भाव ताणता येत नाही. उलट कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगरात विकायला घरंच कमी, म्हणून जुनी इमारतसुद्धा चांगल्या भावाला जाते, आणि पुनर्विकासाची आशा त्यात धरलेली असते. ती आशा कितपत खरी हे पाहायचं तर सोसायटीचं कन्व्हेयन्स झालं आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, ते विचारा. जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर पुनर्विकासाची नुसती चर्चाच वर्षानुवर्षं चालते.

2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली. जाहिरातीत 'महापालिका हद्दीत' असं ठळक छापलं जातं, पण हद्द वाढली म्हणून नळाला पाणी आलं असं होत नाही. या भागात घर दाखवायचं तर एप्रिल-मेमध्ये स्वतः जाऊन या, आणि टँकरवर महिन्याला किती खर्च होतो ते सोसायटीच्या कमिटीला विचारा. मेट्रोचंही तसंच. मार्च 2022 मध्ये पहिले टप्पे सुरू झाले, तोवर कितीतरी वर्षं 'मेट्रो येणार' या एका वाक्यावर घरं विकली गेली. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं लिहिलं असेल तर सकाळी नऊ वाजता तेवढं अंतर पायी चालून बघा. गिऱ्हाइकाला खरी मिनिटं सांगा.

आता करिअरच्या वाटा. बिल्डरकडे सेल्समध्ये नोकरी केली तर पगार, इन्सेंटिव्ह आणि बोलायची सवय मिळते. पण एकाच प्रकल्पाची बाजू रोज मांडावी लागते आणि शनिवार-रविवार कधीच आपले नसतात. वर्ष-दोन वर्षं शिकायला ती जागा उत्तम. चॅनेल पार्टनर, म्हणजे बिल्डरला गिऱ्हाइकं आणून देणारा बाहेरचा एजंट, म्हणून नव्या प्रकल्पांची विक्री केली तर एका बुकिंगला चांगलं कमिशन मिळतं, मात्र गिऱ्हाइकाचा करार होऊन बिल्डरकडून पैसे यायला तीन-चार महिने सहज जातात, आणि साइट व्हिजिटच्या आधी गिऱ्हाइकाची नोंद आपल्या नावावर लेखी झाली नसेल तर वाद ठरलेला. ही नोंद मेसेजवर तरी घ्याच. स्वतःचं ऑफिस टाकायचं असेल तर निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून मगच टाका. उसन्या पैशावर बसलेला एजंट घाईत असतो, आणि घाईतला एजंट गिऱ्हाइकाला चुकीच्या घरात ढकलतो. मी हे जवळून पाहिलं आहे.

एक वाट फारशी कोणी सांगत नाही: परदेशातल्या मालकांची घरं सांभाळणं. बाणेर, बालेवाडीत अमेरिका, कॅनडात राहणाऱ्या मराठी लोकांचे कितीतरी फ्लॅट आहेत. भाडेकरू बघणं, गळती, मिळकतकर, सोसायटीच्या सभेचा निरोप, हे विश्वासाने करणारा माणूस त्यांना हवा असतो. असं घर विकायला निघालं तर एक गोष्ट घेणाऱ्याला आधीच सांगा. 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर 1 टक्का टीडीएस कापायचा नियम विकणारा भारतात रहिवासी असेल तेव्हाचा. अनिवासी विकणारा असेल तर दर खूप जास्त असतो आणि तो कापायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. सीएला पहिल्याच बैठकीत बोलवा.

आणि प्लॉट. गावाबाहेर 'दोन गुंठे, लगेच सातबारा' असे बोर्ड दिसतात, कमिशनही भरपूर असतं. नव्या माणसाने पहिली काही वर्षं याला हात लावू नये असं मी आग्रहाने सांगतो. तुकडेबंदी (जमिनीचे लहान तुकडे करण्यावरचे निर्बंध), झोन, एनए (बिगरशेती वापर), रस्त्याचा हक्क हे समजल्याशिवाय कोणाच्या आयुष्यभराच्या बचतीशी खेळायचं नाही.

नोकरी चालू असताना हे काम सुरू करता येतं का, असंही विचारतात. येतं. गिऱ्हाइकं शनिवार-रविवारीच घरं बघतात, भाड्याचा करार ऑनलाइन भरून अंगठ्याचं मशीन घेऊन रात्री आठनंतरही घरी जाऊन करता येतो, आणि ई-सर्चला कुठल्याच वेळेचं बंधन नाही. राहता तोच भाग निवडा. वहीत पहिल्या पन्नास-साठ इमारती भरल्या की मला फोन करा, पुढचं तेव्हा बोलू.