ओल्या हाताचा कॅमेरा

ज्याचे हात कामाच्या वेळी ओले नाहीतर मळके असतात, त्याने मोबाइलवर फोटो काढायचा नाद सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नागपुरात सक्करदऱ्याला माझं कूलरचं दुकान आहे. मार्च ते जून हात पाण्यात, वुडवूलमध्ये (कूलरच्या जाळीत भरतात ते लाकडाचे धागे) आणि गंजात. हल्लीचे बरेच मोबाइल पाण्यात तगतात, कबूल. पण ओल्या बोटाला त्यांची स्क्रीन धड दाद देत नाही, आणि आत पाणी शिरलंच तर बहुतेक वेळा ते वॉरंटीत बसत नाही. दाबली की दबणारी बटणं, बाहेर न येणारी लेन्स आणि शर्टाच्या खिशात मावणारा आकार असलेला वॉटरप्रूफ कॅमेरा मला म्हणूनच आवडतो. शिवाय आमच्या धंद्यात पावसाळा म्हणजे सवड, आणि हा कॅमेरा खुलतो तोही पावसाळ्यातच.

माझ्याकडे ऑलिम्पसचा टीजी-६ आहे, २०१९चं मॉडेल. २०२१च्या सुरुवातीला ऑलिम्पसने कॅमेऱ्याचा धंदा वेगळ्या कंपनीकडे दिला. आता हीच मालिका ओएम सिस्टीम या नावाने चालते आणि टीजी-७ हा २०२३चा अवतार. सेन्सर (उजेड टिपणारा भाग) आणि लेन्स पाहाल तर दोघांत फार अंतर नाही. सातला यूएसबी-सी आहे, म्हणजे मोबाइलच्याच चार्जरवर भागतं. रिकोची डब्ल्यूजी मालिका आणि निकॉनचा डब्ल्यू३०० हेही याच जातीचे. खाली जे सांगतो त्यातलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

कागदावर टीजी-६ १५ मीटर पाण्यात जातो, २.१ मीटरवरून पडलेला सोसतो, १०० किलोचा दाब घेतो आणि उणे १० अंशांत चालतो. आपल्या नागपुरात उणे १० घेऊन काय करायचं, ते सोडा. ज्या आकड्याकडे आपण बघायचं तो दुसऱ्या टोकाला आहे: वापरासाठी कमाल ४० अंश. मे महिन्यात इथे पारा ४५च्या पुढे जातो आणि दुपारी गाडीच्या डिकीत त्याहून किती जास्त होत असेल ते हात घालून बघा. म्हणून उन्हाळ्यात कॅमेरा डिकीत ठेवायचा नाही, डॅशबोर्डवर तर नाहीच. सकाळी आठपर्यंत नाहीतर ऊन कलल्यावर काढा, बाकी वेळ सावलीतल्या पिशवीत. मी दुपट्ट्यात गुंडाळून ठेवतो, तोच दुपट्टा डोक्याला बांधायचा नसेल तेव्हा.

घेण्याआधी एक मात्र समजून घ्या. आतला सेन्सर १/२.३३ इंचाचा, १२ मेगापिक्सेलचा. म्हणजे छोटाच. दिवेलागणीनंतर फोटो रवाळ येतात आणि चांगला मोबाइल तिथे याला सहज मागे टाकतो. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा रात्रीच्या गरब्यात याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. झूमही चारपटच आहे, तेव्हा पेंचच्या सफारीत वाघ दिसला तर डोळ्यांनी बघा.

सेकंडहँड घेत असाल तर बॅटरीचं दार उघडून तिथल्या पत्र्याच्या टोकांवर हिरवट किंवा पांढरा थर आहे का बघा. असेल तर आत कधीतरी पाणी गेलं आहे. दाराच्या कडेचं रबर नखाने हलकेच दाबा. चिरलेलं, चपटं झालेलं नको. मग बॅटरी आणि कार्ड काढा, आत टिश्यू पेपरचा तुकडा ठेवा, बॅटरीचं आणि चार्जिंगचं अशी दोन्ही दारं डबल लॉकपर्यंत बंद करा आणि कॅमेरा बादलीत पाऊण तास बुडवून ठेवा. बाहेर काढून आधी पूर्ण पुसा, मगच दार उघडा. कागद कोरडा निघाला तर निदान त्या दाराची चिंता मिटली. नवा घेतला तरी हे रबर कायमचं नसतं. वर्षाकाठी ते बदलून घ्यावं असं कंपनीच सांगते.

सेटिंगचं काम एका बैठकीत उरकतं. डायल पी वर ठेवा, म्हणजे उजेडाचा हिशेब कॅमेराच करतो. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा) ऑटो, पण वरची मर्यादा १६००. फ्लॅश बंद. शटरजवळच्या चकतीने फोटो उजळ-गडद होतो, तिचा सराव करा. ओला रस्ता चमकतो तेव्हा मी उणे ०.७वर जातो. शटरचा वेग आपल्या हाताने ठरवायची सोय या कॅमेऱ्यात नाही, त्याबद्दल कुढत बसू नका. डायलवर सी१ आणि सी२ अशा दोन मोकळ्या जागा आहेत. माझ्या सी१वर पावसाचं सेटिंग आहे आणि सी२वर प्रो कॅप्चर. प्रो कॅप्चरमध्ये बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा आतल्या आत फ्रेम घेत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर त्याच्या आधीच्याही काही फ्रेम जपतो. थेंब, उडी, शिंतोडा यांना माणसाचं बोट नेहमीच उशिरा पोचतं, तिथे ही युक्ती कामी येते.

आता दारं. वॉटरप्रूफ कॅमेरा पाण्याने बिघडतो तो बहुतेक दारातूनच. बॅटरी-कार्डाचं एक दार, चार्जिंगचं दुसरं. एक केस, वाळूचा एक कण किंवा वुडवूलचा एक धागा रबरावर अडकला की संपलं. दर वेळी बंद करण्याआधी रबर आणि ते जिथे टेकतं ती कड, दोन्हीवरून कोरडा मऊ कपडा फिरवा. पण नागपूरकरांनी जास्त सांभाळायची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मॅन्युअलमध्ये सापडायची नाही: कूलरसमोर बसून दार उघडू नका. कूलरची हवा पाण्याने भरलेली असते. ती दारातून आत गेली, दार बंद झालं की ती आतच कोंडते. मग कॅमेरा गार पाण्यात घातला किंवा एसीच्या खोलीत नेला की त्या हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि काचेला आतून धुकं धरतं. या कॅमेऱ्याची पुढची काच धुकं धरू नये म्हणून दुहेरी केलेली आहे, तरी आत कोंडलेल्या दमट हवेवर तो काही पूर्ण उपाय नव्हे. पावसाळ्यात तर सगळं घरच कूलर झालेलं असतं. म्हणून बॅटरी भरायची, कार्ड रिकामं करायचं ते आदल्या रात्री, पंख्याखाली, कोरड्या हातांनी. बाहेर पडल्यावर दाराला हात लावायचा नाही. एका बॅटरीत साधारण ३४० फोटो निघतात असं कंपनी म्हणते. एका पावसाला तेवढे पुष्कळ झाले.

पावसात फोटो बिघडतात ते पुढच्या काचेवरच्या थेंबामुळे. काच अंगठ्याच्या नखाएवढी, त्यामुळे एक थेंब अर्धा फोटो खातो. रुमालाने घासू नका, रुमालही भिजलेलाच असतो, नुसतं पाणी पसरतं. तोंडाने जोरात फुंकर मारा, लेन्स खाली तोंड करून धरा आणि फोटो काढायच्या क्षणी वर करा. धूळ बसली असेल तर आधी पाणी ओतून ती जाऊ द्या, मग पुसा, नाहीतर ओरखडे पडतात.

पाऊस फोटोत दिसत नाही अशी तक्रार सगळेच करतात. पांढऱ्या आभाळासमोर पांढरी सर दिसणार कशी? मागे काहीतरी काळं घ्या, आणि उजेड सरीच्या पाठीमागून किंवा बाजूने येऊ द्या. सीताबर्डीच्या मेन रोडवर संध्याकाळी दुकानांचे दिवे लागलेले असतात, पण आभाळात अजून थोडा उजेड असतो, ती अर्ध्या तासाची वेळ धरा. समोरून ऑटोचा हेडलाइट येतो तेव्हा एकेक सर चमकते. फुटाळा तलावाच्या काठावर भुट्टेवाल्याच्या शेगडीतून ठिणग्या आणि वरून पाऊस, हेही बघा. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला की अर्धं नागपूर तिकडे लोटतं. फोटो रस्त्यावरूनच काढा. कॅमेरा १५ मीटर खाली जाऊ शकतो, तुम्ही नाही.

आणि हो, तो तरंगत नाही. रामटेकला खिंडसीत बोटीवर बसणार असाल तर फोमचा तरंगणारा पट्टा लावा, भडक नारिंगी रंगाचा. काळा पट्टा पाण्यात शोधून दाखवा.

माझ्या मते या कॅमेऱ्याचा अर्धा पैसा मायक्रोस्कोप मोडमध्येच वसूल होतो. लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस होतो. इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली पडते, म्हणून एलजी-१ नावाची एक कडी मिळते. कॅमेऱ्याच्या छोट्या एलईडीचा उजेड ती लेन्सभोवती गोल फिरवते. ती घ्याच. हाताने धरून इतक्या जवळचा फोकस डुलतो, तेव्हा कोपर टेबलावर टेकवा, श्वास रोखा, आणि फोकस बटणाने आणण्यापेक्षा अंग किंचित पुढे-मागे करून आणा. वस्तू हलत नसेल तर फोकस स्टॅकिंग लावा. कॅमेरा थोड्या थोड्या अंतरावरचे फोटो घेऊन आतच एक करतो, पुढून मागून सगळं स्पष्ट.

काय काढायचं? गंज. कूलरच्या जुन्या पत्र्यावर नारिंगी, जांभळा आणि काळा असे थर असतात की बघत राहावं. वाळलेल्या वुडवूलवर क्षार जमून झालेले पांढरे स्फटिक. तव्यावर चिकटलेला पोह्याचा दाणा. आणि टाकीतल्या डासांच्या अळ्या. ही माझी धंद्यातली युक्ती आहे: गिऱ्हाइकाला आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा म्हटलं की तो मान डोलावतो आणि विसरतो. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, हे सांगूनही फरक पडत नाही. मग मी त्याच्याच टाकीतलं पाणी पांढऱ्या बशीत घेतो, कॅमेरा बशीवर आडवा धरतो आणि स्क्रीन त्याला दाखवतो. केसाळ, वळवळणारी, शेपटाने श्वास घेणारी अळी हाताएवढी दिसते. "हे आमच्याच कूलरमधलं होय का हो भाऊ?" हौ, तुमच्याच. टाकी त्याच दिवशी रिकामी होते.

संत्र्याचा हंगाम आला की एक खेळ कराच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आंबिया बहाराचं संत्रं येतं, फेब्रुवारी-मार्चात मृगाचं. कळमन्याच्या बाजारात ढिगाजवळ उभं राहून सालीचे खड्डे मायक्रोस्कोपमध्ये काढा, प्रत्येक खड्ड्यात तेलाची पिशवी उजेडात पिवळी चमकते. मग घरी खिडकीतल्या उन्हात, मागे काळं कापड लावून, कोणाला तरी सालीची चकती लेन्सपासून वीतभर अंतरावर मुडपायला सांगा आणि सी२वर बटण अर्धं दाबून थांबा. साल मुडपली की तेलाचा फवारा उडतो. फवारा दिसला की बटण पूर्ण दाबा. आधीच्या फ्रेममध्ये तो सापडतो. मग कॅमेरा लगेच पाण्याने धुवा, सालीचं तेल प्लास्टिकला आणि रबराला बरं नाही.

सणांपैकी तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा पोळा, माझा आवडता. पोट्टे लाकडी बैल घेऊन निघतात, रस्त्यावर चिखल असतो. कॅमेरा सरळ जमिनीवर टेकवा, बैलाच्या डोळ्याच्या उंचीवर, आणि मुलांना समोरून येऊ द्या. स्क्रीन वळत नाही, तेव्हा अंदाजाने भरपूर काढा. त्याच दिवशी मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात त्या गर्दीत इतवारी-महालाकडे हात वर करून, झूम न करता काढायचं. दोरी मनगटात घट्ट. धक्के लागणार, पाऊस येणार, कोणीतरी पाणी टाकणार. धुळवडीला रंग अंगावर येतो तेव्हा बाकीचे लोक मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर तोंड करून फिरत असतात. तुम्ही रंग टाकणाऱ्याच्या मुठीसमोर कॅमेरा धरा. फक्त चेहरा जवळून घेताना, विशेषतः बायका-मुलींचा, आधी विचारा.

घरी आल्यावर कॅमेरा बंद दारांसकट स्वच्छ पाण्याच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि पाण्यातच सगळी बटणं दाबा, चकती फिरवा, म्हणजे फटीतला गुलाल आणि वाळू निघते. साबण नको. गाडी धुवायच्या पाइपाचा जोराचा फवारा तर अजिबात नको. संथ पाण्यातली खोली आणि फवाऱ्याचा मार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जोराचं पाणी रबराच्या कडेतून आत घुसू शकतं. नंतर टॉवेलने पुसून सावलीत वाळवा, दाराच्या खाचेतलं पाणी झटका, आणि पूर्ण सुकल्याशिवाय दार उघडू नका. त्या दिवशी कॅमेरा जोरात आपटला असेल तर पुढच्या वेळी पाण्यात न्यायच्या आधी टिश्यू पेपरवाली बादली पुन्हा एकदा करा.