चुनखडीच्या काळ्या रानात सोयाबीनचं खत: नमुना, हिशोब आणि पिवळेपणा

मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात काळ्या रानाला चुनखडी असते. ढेकूळ फोडलं की आत पांढरे खडे दिसतात. खडे दिसत नसतील तर ढेकळावर संडास साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब टाका. चरचरून फेस आला, तर चुना आहेच. अशा रानात खत किती टाकलं यापेक्षा कुठे पडलं आणि कशाबरोबर पडलं याला जास्त महत्त्व आहे, कारण मोकळा चुना स्फुरद (फॉस्फरस), जस्त आणि लोह धरून ठेवतो. मग गोणी रिकामी होते, पण पिकाला काही मिळत नाही.

नमुना

तपासणीसाठी मातीचा नमुना एप्रिल-मेमध्ये, रान मोकळं असताना काढा. खत टाकून दोन-तीन महिने झालेले नसतील तर थांबा. एका रानात उताराचा, मधला आणि पाणथळ भाग वेगळे दिसत असतील, तर नमुनेही वेगळे घ्या. नागमोडी चालत 10 ते 15 जागा धरा. बांध, झाडाखालची जागा, विहिरीचा काठ आणि उकिरड्याची जागा टाळा. वरचा पालापाचोळा बाजूला सारून वीतभर, म्हणजे सुमारे 20 सेंमी खोल, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची 2 सेंमी जाडीची चकती वरपासून तळापर्यंत सारखी तासा. नुसती वरची माती खरवडली तर अहवालात सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद उगाच जास्त दिसतात.

माती प्लास्टिकच्या बादलीत गोळा करा. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा गंजकं घमेलं वापरलं तर जस्त आणि लोहाचे आकडे फुगतात. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. मग सावलीत वाळवा. युरियाच्या रिकाम्या पिशवीत नमुना भरणारे अजूनही भेटतात, त्यांनी प्रयोगशाळेचे पैसे वाचवलेले बरे.

अहवाल वाचताना

नजर आधी नत्रावर (नायट्रोजनवर) जाते. इथे आधी सामू (पीएच), चुनखडी आणि क्षारता बघा. चुन्याच्या रानाचा सामू साधारण 8 ते 8.4 असतो आणि त्यावर जिप्सम हा उपाय नाही. जिप्सम लागतं चोपण रानाला, जिथे सोडियम जास्त असतो आणि सामू 8.5 च्या वर जातो. चुन्यात जिप्सम टाकणं म्हणजे कॅल्शियममध्ये आणखी कॅल्शियम. सूक्ष्म अन्नद्रव्यांत जस्त 0.6 पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आणि लोह 4.5 पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरा. गंधकाला ही मर्यादा 10 पीपीएम आहे.

गोणीचा हिशोब

मराठवाड्यात सोयाबीनला हेक्टरी 30 किलो नत्र, 60 किलो स्फुरद, 30 किलो पालाश (पोटॅश) आणि 20 किलो गंधक अशी शिफारस आहे. एकरासाठी 2.5 ने भागा: 12, 24, 12 आणि 8. (हेक्टरचा आकडा एकरात ओतल्यामुळे झालेली उधळपट्टी गावोगाव दिसते.) सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद 16 टक्के, म्हणून 24 किलोला 150 किलो, म्हणजे 3 गोण्या लागतात. त्यातल्या 11 टक्के गंधकामुळे 16 किलो गंधक आपोआप मिळतं. सोबत युरिया 26 किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश 20 किलो. डीएपीने (डायअमोनियम फॉस्फेटने) स्फुरद द्यायचं तर 52 किलो पुरतं आणि नत्रही 9 किलोच्या वर मिळतं. मग युरिया फक्त 5-6 किलो लागतो, पण गंधक वेगळं विकत घ्यावं लागतं. तेलबियाला गंधक हवंच, म्हणून सुपर फॉस्फेट बरं.

अहवालात स्फुरद 'कमी' असेल तर मात्रा 25 टक्के वाढवा: 30 किलो स्फुरद, म्हणजे पावणेचार गोण्या. 'जास्त' असेल तर तेवढीच घटवा.

हे सगळं खत पेरणीच्या वेळीच, बियाण्याच्या बाजूला आणि 4-5 सेंमी खाली पडलं पाहिजे. स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही. फेकून दिलं तर ते वरच्या थरात चुन्याला चिकटून बसतं आणि मुळांना मिळत नाही. बियाण्याला टेकून पडलं तर उगवण मार खाते. झिंक सल्फेट एकरी 8-10 किलो, पण सुपर फॉस्फेट किंवा डीएपीत मिसळू नका, स्फुरद आणि जस्त एकमेकांना अडवतात. कुजलेल्या शेणखतातून वेगळं द्या. शेणखत एकरी 2 टन आणि पूर्ण कुजलेलं हवं. हात घातल्यावर गरम लागत असेल तर ते कच्चं आहे, त्याबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी रानात येतं.

बियाणं आणि गाठी

आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि पेरणीच्या तोंडावर रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारे जिवाणू) व स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी किलोला 25 ग्रॅम. क्रम उलटला तर जिवाणू मरतात. सोयाबीनची साल पातळ असते, जोरात चोळू नका. सावलीत वाळवून लगेच पेरा.

35-40 दिवसांनी चार-पाच झाडं फावड्याने मातीसकट उचला (हाताने उपटली तर गाठी मातीतच राहतात), मुळं पाण्यात धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती हवेतला नत्र धरते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती कामाची नाही. लाल गाठी भरपूर असताना युरिया फेकू नका, आयता नत्र मिळाला की झाड गाठींना पोसत नाही.

पिवळं पडलं की

नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं पिवळी पडतात. चुन्याच्या रानात मोठ्या पावसानंतर शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. युरियाने ती जात नाही. आधी साचलेलं पाणी काढा, वाफसा आल्यावर (जास्तीचं पाणी निघून मातीत हवा खेळू लागली की) बऱ्याचदा पीक आपोआप सुधारतं. आठवड्यात फरक पडला नाही तर 10 लिटर पाण्यात आधी 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि मग 50 ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा. फेरस सल्फेटचे खडे फिकट हिरवे असावेत, तांबूस झालेला माल परत करा. द्रावण लगेच वापरा आणि 8-10 दिवसांनी पुन्हा फवारा. तेच फेरस सल्फेट नुसतं जमिनीत टाकलं तर चुना ते थोड्याच वेळात अडकवून टाकतो.